नीट बसलेलं दार

१

सकाळची कामं उरकली, बायकोचं अंग पुसून झालं, चादर बदलली, गोळ्या दिल्या, की साडेअकराला मिस्त्री लॅपटॉपवर गेम खेळायला बसायचा. एकाहत्तर वर्षांचा माणूस. हसायचं कारण नाही, ते त्याचं काम होतं.

मुलीने लावून दिलेलं. ती दुसऱ्या शहरात एका वेबसाइटवर नोकरीला होती. जगात कुठे कुठे एकटी माणसं घरी बसून छोटे गेम बनवतात आणि फुकट ठेवून देतात. ते गोळा करायचे, तपासायचे, बरे असतील ते लोकांपुढे मांडायचे, हा त्या वेबसाइटचा उद्योग. ब्राऊजरमध्ये पान उघडलं की खेळ सुरू, दुसरी काही भानगड नाही. मुलीला असा माणूस हवा होता ज्याने जन्मात गेम खेळलेला नाही.

"तुम्हाला जे कळत नाही ना बाबा, तेच मला हवंय," ती म्हणाली होती. "जे खटकेल ते बोला. बनवणारे ऐकतात, दोन दिवसांत दुरुस्त करतात. फक्त भीड ठेवू नका."

भीड मिस्त्रीने कधी कुणाची ठेवली नव्हती. चाळीस वर्षं सुतारकाम केलं. निम्मी गिऱ्हाइकं तोंडामुळे गेली आणि निम्मी हातामुळे टिकली. मुलगी रोज आठ-दहा लिंक पाठवायची. तो एकेकाला पंधरा मिनिटं द्यायचा आणि मग फोनमध्ये बोलून पाठवायचा. "बेडूक उड्या का मारतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. बनवणाऱ्यालाही कळलं नसावं." "पाव भाजायचा गेम. भट्टीला दारच नाही. आच काय याच्या बापाची वाट बघत आत थांबणार आहे?"

दारांवर त्याचा विशेष राग. मूठ बिजागरीच्या बाजूला, चौकट दारापेक्षा लहान, उंबरा हवेत. या लोकांनी आयुष्यात दार उघडलेलंच नाही, खिडकीतून ये-जा करतात, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

आतल्या खोलीतून बायको सगळं ऐकत असायची. पाच महिन्यांपूर्वी स्टुलावरून पडून तिचा खुबा मोडला. आत सळी बसवली, पण पाय टेकला की कळ डोक्यात जायची, म्हणून पडूनच होती. तोंडाला मात्र काही झालं नव्हतं.

"अहो, त्या बेडकाला सोडा आणि माझी उशी बघा."

"आत्ता तर सरळ केली."

"तुम्ही केलीत म्हणूनच वाकडी आहे."

तो पुटपुटत उठायचा. दर दहा मिनिटांनी हाक. मुलगी म्हणायची, आईला एखाद्या शुश्रूषागृहात ठेवू, तुमच्याने होत नाही. तो म्हणायचा, माझ्या घरातलं माणूस माझ्या घरात राहील. त्यावर बोलणं संपायचं. बायकोच्या खोलीचं दार पाचर लावून कायम सताड उघडं असे. टेबलाशी बसल्या बसल्या त्याला पलंगाचा पायथा दिसायचा आणि चादरीखालची तिची पावलं. पावलं चुळबुळली की हाक येणार, हे त्याला आधीच कळायचं.

२

सोमवारी सहावी लिंक उघडली. गेमला नाव नव्हतं, बनवणाऱ्याचंही नव्हतं. एक बोळवजा वाट आणि तिच्या टोकाला एक दार, अर्धं उघडं. बाणाची बटणं दाबली की चालता येत होतं. दाराजवळ गेलं की कोपऱ्यात दोन चित्रं उगवत: एक बटण दार लावायचं, दुसरं उघडायचं. बाकी गुण नाहीत, शत्रू नाहीत, बेडूक नाही.

मिस्त्री खुर्चीत पुढे सरकला. दार खरं होतं. म्हणजे प्रमाणात होतं. उंची-रुंदी बरोबर, मूठ जिथे हवी तिथे, फळ्यांचे सांधे जिथे यायला हवेत तिथे. कुणीतरी हातात माप घेऊन हे केलं होतं.

तो आणखी जवळ गेला आणि वरची बिजागरी बघितली. बिजागरी आणि चौकट यांच्यामध्ये एक बारीक पिवळट रेघ होती. पुठ्ठ्याची.

आता हे सांगायला हवं. दार बसवताना चौकटीत बिजागरीपुरती खाच करतात. पटाशी जास्त खोल गेली की बिजागरी आत बुडते आणि दार पुरतं लागत नाही. मग आळशी माणूस बिजागरीमागे पुठ्ठ्याची घडी सारतो. काही वर्षं चालतं. पुढे पुठ्ठा दबतो आणि दार लावलं तरी बोटभर फट राहते. मिस्त्रीने हे आयुष्यात एकदाच केलं होतं, स्वतःच्या घरी, आतल्या खोलीच्या दाराला, वरच्या बिजागरीला. बायकोला तीस वर्षं सांगत आला होता की लाकूड फुगलंय.

"असेल," तो स्वतःशी म्हणाला. "जगात काय मी एकटाच चुकलो?"

त्याने बटण दाबलं. दार सावकाश फिरलं, चौकटीला लागलं आणि किंचित मागे आलं. बोटभर फट राहिली. फटीतून काहीतरी ऐकू येत होतं, पण स्पीकर जुने, नुसती गुणगुण. दोन-तीन मिनिटं वाट पाहून त्याने दार उघडलं आणि पान बंद केलं.

"अहो," आतून हाक आली. आवाज चिडलेला होता. "दार कशाला लावलंत?"

"कुठलं दार?"

"माझं. केव्हाची हाका मारतेय. घसा सुकला."

तो जाऊन बघून आला. पाचर जागच्या जागी होती, तिच्याखालची धूळसुद्धा मोडलेली नव्हती.

"गोळ्यांनी भ्रम होतो तुला."

"दाराचा होतो होय भ्रम? आणि तुमचा का नाही होत मग? तुम्ही तर रोज समोर असता."

३

संध्याकाळी त्याने फोनवर बोलून पाठवलं. खरं तर गप्प बसला असता तर चाललं असतं. पण दुसऱ्याचं काम बघून गप्प बसणं त्याला जमत नसे, आणि स्वतःची चूक दुसऱ्याच्या हातून झालेली दिसली की माणसाची जीभ जरा जास्तच धार धरते.

"सहावा गेम. दार चांगलं आहे, पण बसवणारा गाढव आहे. वरची खाच खोल गेलीय, मागे पुठ्ठा कोंबलाय. दार लागतच नाही. त्याला म्हणावं, पुठ्ठा काढ, लाकडाची पट्टी चिकटव, खाच नव्याने कर. दार लागलं की त्यातून वारा जाता कामा नये. नाहीतर लावायचं कशाला?"

मुलीने लगेच फोन केला. "बाबा, असा अभिप्राय आजवर कुणी दिला नसेल. तसाच्या तसा पाठवते त्याला."

"पाठव. लाज वाटू दे जरा."

आत बायको म्हणाली, "कुणाला लाज वाटायला हवीय?"

"तुला नाही. झोप."

४

मंगळवारी त्याने तो गेम उघडला नाही. बुधवारी उघडला. मनात एक गोष्ट रुतून बसली होती आणि ती काढून टाकायची होती, इतकंच.

त्याने खुर्ची अशी फिरवली की मान न वळवता खोलीचं दार दिसावं. दार उघडं होतं. पलंगाचा पायथा, चादर, दोन पावलं. बायको कालच्या व्यायामवाल्या बाईबद्दल काहीतरी बोलत होती. "पाय असा ओढते की तिच्या घरी न्यायचाय जणू," असं काहीसं.

त्याने बटण दाबलं. गेममधलं दार लागलं.

खोलीचं दार हललं नाही. त्याची नजर त्याच्यावरच होती. पण बायकोचं बोलणं अर्ध्या वाक्यात जाड झालं. शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून येतो तसं. शब्द कळत होते, पण लाकडाआडून.

"अहो. परत लावलंत का दार?"

समोर दार उघडं. पावलं दिसतायत. आणि आवाज बंद दाराआडचा.

तो उठला. खोलीकडे गेला. उंबऱ्यात उभा राहिला. बायको छताकडे बघत पडली होती. त्याने हाक मारली तेव्हा तिने मान वळवली आणि हसली. पाहुण्याकडे बघून हसतात तसं. ओठ हलले नाहीत. आणि मागे, टेबलावरच्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून, गुणगुणीसारखं, ती म्हणत होती, "अहो, ऐकू येतंय का? अंधार केलाय इथे."

तो टेबलाकडे किती पावलांत पोचला ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने दार उघडायचं बटण दाबलं, दोनदा दाबलं, दाबूनच धरलं.

"दिवसाढवळ्या कोंडून ठेवता होय मला?" खोलीतून बायको कडाडली. स्वच्छ, मोकळ्या आवाजात. "काय चाललंय काय तुमचं?"

मिस्त्री खुर्चीवर बसला आणि बराच वेळ तिची बोलणी खात राहिला. इतकी गोड त्याला कधी लागली नव्हती.

५

"बाबा, अभिप्राय मागे घ्यायचा म्हणजे?" मुलगी फोनवर म्हणाली. "परवाच गेलाय. त्याचं उत्तरही आलं."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, मिस्त्री म्हणाले ते बरोबर आहे, त्यांच्या सांगण्याप्रमाणे करतो."

मिस्त्रीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू त्याला मी मिस्त्री आहे हे सांगितलंस?"

"नाही. तुमच्या बोलण्यावरून कळलंच असेल की. बाबा, काय झालंय?"

"त्याला सांग काही करू नको. आहे तसं राहू दे. बोटभर फट असू दे."

"तुम्हीच तर म्हणालात वारा जाता कामा नये."

"मी गाढव आहे. लिही तसं."

ती हसली, लिहिते म्हणाली. त्यानेही मनाला समजावलं: पान उघडायचंच नाही. न उघडलेलं पान काय करणार?

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप उघडला तो दुसऱ्या गेमसाठी, एका मधमाशीच्या. पण मशीनने आपणहून जुनी पानं मांडून ठेवली होती आणि त्यातल्या एकातून आवाज येत होता. टक, टक, टक. मग थांबणं. मग खरवडल्याचा लांब, सावकाश आवाज.

पटाशी. मोगरीचे बेताचे ठोके. लाकूड फुटू नये म्हणून कड धरून मारलेले, आणि दर चार ठोक्यांनी भुसा फुंकायला घेतलेली उसंत. काम करणारा घाईत नव्हता. मिस्त्रीचं बोट पान बंद करायच्या फुलीवर होतं आणि तरीही क्षणभर तो ऐकत राहिला. चाळीस वर्षांत इतका सुरेख हात त्याने ऐकला नव्हता. तेवढा क्षण गेला.

खट.

त्याने पान उघडलं. वाटेच्या टोकाला दार लागलेलं होतं. फट नव्हती. बिजागरीमागे पिवळी रेघ नव्हती. वरून खालपर्यंत कागदाची कड जाईल इतकंही अंतर नव्हतं. तो चालत जवळ गेला. कोपऱ्यातल्या चित्रांपैकी उघडायचं चित्र गेलं होतं. त्याने ते बटण दाबलं. मग सगळी बटणं दाबली, एकेक करून, मग तळहाताने.

खोलीतून आवाज आला, "बरं वाटतंय मला."

बायको पलंगाच्या कडेवर बसली होती. दोन्ही पाय जमिनीवर, गुडघ्यावर हात ठेवून. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

६

ती चालायला लागली. आधी पलंगाभोवती, मग खिडकीपर्यंत, आठवड्यात स्वयंपाकघरापर्यंत. व्यायामवाली बाई तोंडात बोट घालायची बाकी होती. "आजोबा, असा रुग्ण मी पाहिला नाही. ओढलं तर हूं की चूं नाही." मुलगी व्हिडिओवर रडली. "आई, चालून दाखव ना परत." आईने परत चालून दाखवलं. सरळ, हलकं, पावलाचा आवाज न करता.

वाटीत दिलं ते ती सगळं खायची. उशी कशीही असली तरी चालायची. त्याने काही आणून दिलं की "बरं केलंत" म्हणायची. हाक एकदाही मारली नाही. तो आपणहून खोलीत गेला की ती आधीच दाराकडे बघत असायची.

बुद्धी म्हणत होती: माणूस बरा झाला की स्वभाव निवळतो, दुखणं बोलत होतं, दुखणं गेलं. बुद्धीचं म्हणणं त्याला पटायचं. पटवून घेऊन तो टेबलाशी जायचा, त्या लागलेल्या दारापुढे उभा राहायचा आणि स्पीकरला कान लावायचा. काही ऐकू येत नसे. दार नीट बसलेलं होतं, आणि नीट बसलेल्या दाराचा तोच तर गुण.

"पोरी," तो व्हिडिओवर म्हणाला, "त्याला लिही, दार उघडत नाही. ही चूक आहे म्हणावं."

"लिहिलं बाबा. तो म्हणतो, दारात आता काही चूक नाही."

"तुझी आई आत आहे."

मुलगी पडद्याजवळ झुकली. "बाबा, आई तुमच्या मागे उभी आहे. मला दिसतेय. तुम्ही रात्री झोपता का नीट? मी शनिवारी येते. तोवर गेम बंद, कळलं?"

त्याने वळून पाहिलं. ती खरंच उभी होती. कधी आली ते कळलं नव्हतं. "शनिवारी येऊ दे तिला," ती म्हणाली. "तिच्या खोलीचंही दार बघायचंय."

मिस्त्री उठला आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेला. पाचर काढली, दार लोटलं. तीस वर्षांत जे लागलं नव्हतं ते बोटाच्या रेट्याने आपोआप गेलं आणि चौकटीत बसलं. खट. त्याने वरची बिजागरी चाचपली. पुठ्ठा नव्हता. खाचेत ताज्या लाकडाची पट्टी होती, इतकी बेमालूम की फक्त वासाने कळावी.

७

शुक्रवारी सकाळी त्याने माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. बटणांनी जे होत नाही ते पेचकसाने होतं का बघू, इतका साधा विचार होता. त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

खालच्या बिजागरीपासून सुरुवात केली. ती पलंगावर बसून बघत होती.

"कशाला काढताय? चांगलं बसलंय की."

त्याने पेचकस खाचेत रोवला. स्क्रू घट्ट होते. पेचकस दोनदा निसटून तर्जनी फाटली. खालचे चार निघाले, मधले चार निघाले.

"उघडं राहील मग," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात काहीतरी होतं. राग नव्हे. घाई.

वरच्या बिजागरीचा शेवटचा स्क्रू आला तेव्हा त्याने दाराला खांदा लावला होता. दाराचं सगळं वजन अंगावर आलं. त्याने ते सरकवत सरकवत बाहेरच्या भिंतीला टेकवलं. आणि टेबलावर, लॅपटॉपमध्ये, फळी आपटल्याचा मोठा आवाज झाला.

तो धावला. धावला म्हणजे त्याला जमेल तसा.

वाटेच्या टोकाला नुसती चौकट उभी होती. आत काळोख होता, गेममध्ये काही रंगवायचं राहिलं की असतो तसा सपाट. मग चौकटीच्या तळाशी, उंबऱ्यापासून वीतभरावर, चार बोटं दिसली. बोटांनी लाकूड धरलं. पांढरी पडेपर्यंत धरलं, आणि त्यांच्यामागून काहीतरी जड, जमिनीवरून, इंचभर पुढे ओढलं गेलं. ज्या माणसाला उभं राहता येत नाही तो असाच येणार.

"किती वेळ," स्पीकर म्हणाला. दम लागलेला, चिडलेला आवाज. "किती वेळ हाका मारतेय मी. कान गेले का तुमचे?"

मिस्त्रीने बाणाच्या बटणावर बोट दाबलं. तो चालू लागला. ती वाट त्याला पाठ होती, बारा पावलांची, पण आज टोक जवळ येत नव्हतं. चौकट तेवढीच लहान, बोटं तेवढीच दूर.

पाठीमागे, खोलीतून, कुणीतरी उठलं. पावलांचा आवाज पहिल्यांदाच येत होता. भराभर, सरळ, न अडखळता. उंबरा ओलांडला. खुर्चीच्या मागे येऊन पावलं थांबली.

"अहो," मागून ती म्हणाली, अगदी मऊ.

"अहो," समोरून ती म्हणाली.

"आलो," मिस्त्री म्हणाला. मान वळवली नाही. "आलो गं, तिथेच थांब, ओढू नकोस पाय. मी येतोय."

खांद्यावरून एक हात आला. थंड, कोरडा. घाई न करता तो टेबलावर उतरला, त्याच्या मनगटावरून पुढे सरकला आणि बटण दाबून धरलेल्या बोटावर येऊन थांबला. मग त्या बोटाला हळूहळू वर उचलू लागला.

मिस्त्रीने दुसरा हात त्या हातावर ठेवला आणि सगळं वजन खाली टाकलं.